पंधराशे रुपयांचा कंप्युटर कधी येणार?

मागच्या आठवड्यात एकाच दिवशी तीन पालकांचे मला फोन आले. तिघांचा प्रश्न एकच होता. मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. सर्व विद्यार्थ्यांना सरकारकडून मोफत लॅपटॉप मिळणार, लिंक उघडून नाव आणि आधार क्रमांक भरा, आज रात्री बारापर्यंतच मुदत आहे, आणि हा मेसेज आणखी दहा जणांना पाठवा. "मॅडम, हे खरं आहे का?" असे तिघांनीही विचारले. त्यातले दोन फोन मुलांच्या अम्मींचे होते. तिसरा फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. तिच्याविषयी पुढे सांगते.

असे मेसेज अधूनमधून येतच असतात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा बातम्यांची पडताळणी करणारा विभाग आहे. मोफत लॅपटॉपचे असे दावे खोटे असल्याचे त्याने अनेकदा जाहीर केले आहे. तरीही मेसेज थांबत नाहीत आणि लोक लिंक उघडायचेही थांबत नाहीत. याला केवळ भाबडेपणा म्हणणे मला पटत नाही. कारण स्वस्त कंप्युटरची आशा आपल्या देशात कुणा भामट्याने सुरू केलेली नाही. ती मोठमोठ्या व्यासपीठांवरून, मंत्र्यांच्या तोंडून, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून आली. त्यातले काही खरे होते, काही अर्धे खरे होते. उरलेली भर आपण सगळ्यांनी मिळून घातली. ती भर घालणाऱ्यांत मीही होते, म्हणून हा लेख.

एक शून्य गळाले

स्वस्त कंप्युटरचे स्वप्न तसे जुने आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापकांनी आणि तिथल्याच एका कंपनीच्या अभियंत्यांनी मिळून ‘सिम्प्यूटर’ नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. २००१ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही वापरता यावे म्हणून ते भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवत असे. नऊ हजारांच्या आसपास मिळेल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्ष दुकानात यायला २००४ साल उजाडले, किंमत दहा हजारांच्या घरात गेली, आणि विक्री काही हजारांवरच थांबली. तोपर्यंत साधा मोबाईल घरोघरी पोहोचू लागला होता.

पुढची मोठी बातमी अमेरिकेतून आली. प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये जाहीर केले की, गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते त्याचा नमुना दाखवण्यात आला. वीज नसली तरी हाताने फिरवून चार्ज करता यावा म्हणून त्याला एक दांडा होता. अन्नान यांनी तो फिरवला आणि तो तुटून हातात आला. पुढे दांडा गेला आणि शंभर डॉलरही गेले. २००७ मध्ये लॅपटॉप तयार झाला तेव्हा त्याची किंमत जवळपास दुप्पट झाली होती. भारत सरकारने २००६ मध्येच त्याला नकार दिला होता. तरी आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी मराठी शाळेत त्याचा प्रयोग झाला. दोन डझनांहून कमी मुले आणि प्रत्येकाच्या हातात एक हिरवा-पांढरा लॅपटॉप. तो प्रयोग देशभर पसरला नाही.

परदेशी लॅपटॉप नाकारल्यावर आपण स्वतःचा बनवू, तोही फार स्वस्त, असे दिल्लीत ठरले. जुलै २००८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याकडून घोषणा झाली की, भारत दहा डॉलरचा लॅपटॉप बनवत आहे. जगभर बातमी पसरली. मग खुलासा आला की, दहा नव्हे, शंभर डॉलर. लिहिताना एक शून्य गळाले होते. पण खुलासा कोण वाचतो? लोकांच्या लक्षात दहाच राहिले. जानेवारी २००९ मध्ये दहा डॉलरचा आकडा पुन्हा वर आला. त्यावेळच्या भावाने म्हणजे साधारण पाचशे रुपये. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपती येथे तेव्हाचे मंत्री अर्जुन सिंह यांच्या उपस्थितीत ते यंत्र दाखवले जाणार होते. पत्रकारांनी गर्दी केली. समोर आले ते लॅपटॉप नव्हतेच. माहिती साठवण्याचे एक छोटे उपकरण होते.

इथे आशा संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण गरज संपली नव्हती. त्या काळात घरी कंप्युटर घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार रुपये लागत. ज्या घरात महिन्याला पाच-सहा हजार यायचे, त्या घराने हा हिशोब कसा बसवायचा? पाचशे, हजार, पंधराशे हे आकडे अशा घरांना परवडणारे होते. म्हणून ते कानाला गोड लागत.

आकडा एक, अर्थ चार

२२ जुलै २०१० रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत एक सपाट, पाटीसारखे यंत्र दाखवले. किंमत पस्तीस डॉलर, म्हणजे सुमारे पंधराशे रुपये. पुढे ती वीस आणि मग दहा डॉलरवर आणायची, असेही ते म्हणाले. पुढच्या वर्षी ते विद्यार्थ्यांना मिळू लागेल असे सांगण्यात आले. त्यावेळी टॅबलेट हा शब्दच लोकांना नवा होता. आमच्या शेजारच्या एका नानीने तर विचारले होते, "टॅबलेट? कोणत्या डॉक्टरने दिली?"

पंधराशेचा हा आकडा कसा फिरला ते पाहण्यासारखे आहे. मंत्र्यांनी सांगितली होती ती अपेक्षित किंमत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती ‘किंमत’ झाली. चहाच्या टपरीवर ‘सरकार पंधराशेत कंप्युटर देणार’ असे झाले. आमच्या मोहल्ल्यात येईपर्यंत ‘सरकार फुकट देणार, पंधराशे फक्त फॉर्मचे’ इथवर मजल गेली. कुणीही जाणूनबुजून खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने थोडी आशा मिसळली होती.

खरे पाहता अशा यंत्राच्या चार किमती असतात. पहिली, ते बनवायला लागणारा खर्च. दुसरी, सरकार कंपनीला देते ती. तिसरी, सवलतीनंतर विद्यार्थ्याने भरायची. आणि चौथी, दुकानात कुणालाही मिळण्याची. बातमीत बहुतेक वेळा यातली सर्वांत लहान रक्कम येते. घरी मात्र आपण ती चौथी समजून पैसे बाजूला काढतो.

आकाश आले

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाने तो टॅबलेट अधिकृतपणे आला. योगायोग असा की, जगाला आयपॅड देणारे स्टीव्ह जॉब्ज त्याच दिवशी अमेरिकेत वारले. ‘आकाश’ बनवला होता डेटाविंड या कंपनीने, आणि प्रकल्पाची जबाबदारी होती आयआयटी राजस्थानकडे. समारंभाला आलेल्या सुमारे पाचशे विद्यार्थ्यांच्या हाती तो देण्यात आला. सरकारने पहिल्या टप्प्यात एक लाख टॅबलेट घ्यायचे ठरवले होते. करांसह एका टॅबलेटची किंमत सुमारे २,२७६ रुपये पडत होती, आणि विद्यार्थ्यांना त्यावर सवलत मिळायची होती. म्हणजे पंधराशेचा आकडा आधीच मागे पडला होता.

यंत्र कसे होते? सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २ जीबी साठवण आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली. बॅटरी दोन-तीन तास चालायची. पडदा दाबाचा होता. आजच्या फोनवर बोट नुसते टेकवले तरी चालते, कारण बोटातला सूक्ष्म विद्युतभार पडद्याला कळतो. ‘आकाश’च्या पडद्याला नखाने किंवा बोटाने दाबावे लागे. दाब कमी पडला तर काहीच होत नसे. त्यात सिम कार्ड घालायची सोय नव्हती, फक्त वाय-फाय होते.

आता एक शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा वाटते की, आम्ही सगळे फक्त किंमत विचारत बसलो. वाय-फाय कुठून येणार, हे कुणी विचारले नाही. २०११ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावी वाय-फाय असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भाषेचेही कुणी विचारले नाही. अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत देवनागरी नीट दाखवण्याची सोय मुळात नव्हती, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. उर्दूचे नस्तालीक तर दूरच. मी दोन्ही भाषा शिकवते. हा टॅबलेट माझ्या वर्गात आला असता तर त्यावर मी काय वाचायला दिले असते, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. सुचला नाही.

मी दिलेला सल्ला

आता त्या विद्यार्थिनीविषयी. तिचे नाव लिहीत नाही. तिचे अब्बू कपडे शिवायचे. मुलगी हुशार होती, मार्च २०१२ मध्ये दहावीला बसली. परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिने एमएस-सीआयटीचा कोर्स करावा म्हणून त्यांनी दीड वर्ष थोडे थोडे करून पैसे साठवले होते. अकरावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घ्यायचा तिचा मनसुबा होता.

त्याच काळात ‘आकाश’ची चर्चा शिगेला पोहोचली होती. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने तो इंटरनेटवरून अडीच हजारांना विकायला काढला. त्याची सुधारलेली आवृत्ती, जिच्यात सिम कार्डही चालणार होते, २,९९९ रुपयांना मिळणार होती. जानेवारी २०१२ च्या सुरुवातीला बातमी आली की, दोन आठवड्यांत चौदा लाख लोकांनी नोंदणी केली. चौदा लाख! आकडा वाचून मलाही वाटले की, एवढे लोक चुकत नसणार.

एप्रिलमध्ये ते मला भेटायला शाळेत आले.

"मॅडम, तुम्हीच सांगा. क्लासची फी भरू, का तो टॅबलेट घेऊ? तीन हजारांत मशीन घरात येतंय म्हणतात. पोरगी घरी बसून शिकेल, धाकट्यांनाही होईल."

मी म्हणाले, "भाई, थोडं थांबा. टॅबलेट येतोच आहे. क्लास दोन महिन्यांत संपतो, मशीन कायमचं राहील."

हा सल्ला मी वर्तमानपत्र वाचून दिला होता. तो टॅबलेट मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो हाती पडलेला एकही माणूस मला माहीत नव्हता. पण मी शिक्षिका होते आणि माझ्या शब्दाला त्या घरात वजन होते. म्हणूनच ती बातमी त्यांच्यासाठी पक्की झाली.

बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात ‘सरकारी टॅबलेटचा फॉर्म’ म्हणून दोनशे रुपये घेत होते. तेही त्यांनी भरले. पावती मिळाली नाही. मे गेला, जून गेला. मुलीने अकरावीला प्रवेश घेतला, पण कंप्युटरला कधी हात लागला नाही म्हणून बिचकली आणि माहिती तंत्रज्ञान हा विषय सोडून दिला. रमजान आला, ईद झाली, दादीच्या आजारपणात साठवलेले पैसे गेले. टॅबलेट आला नाही, क्लासही झाला नाही.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. ईदला शीरखुर्मा घेऊन घरी आले तेव्हा एवढेच म्हणाले, "नसीब मॅडम, अजून आला नाही वाटतं." ते ऐकून मला फार ओशाळल्यासारखे झाले. नसिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

उशीर का झाला?

तिकडे दिल्लीत आणि जोधपूरला काय चालले होते ते आम्हाला नंतर कळले. टॅबलेट किती टणक असावा यावरून आयआयटी राजस्थान आणि कंपनी यांच्यात वाद झाला. संस्थेचे म्हणणे होते की, यंत्र विद्यार्थ्यांच्या हातात जाणार आहे, ते पाऊस, धूळ, पडणे-झडणे सोसणारे हवे. कंपनीचे म्हणणे होते की, अशा कडक चाचण्या मूळ करारात नव्हत्या आणि त्या किमतीत ते शक्य नाही. माझ्या मते प्रश्न दोघांनीही योग्यच मांडला होता. फक्त तो किंमत जाहीर करण्याआधी सुटायला हवा होता. विद्यार्थ्याचे दप्तर किती वेळा आपटते हे कोणतीही शिक्षिका सांगू शकली असती.

२०१२ मध्ये काम आयआयटी मुंबईकडे आले. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी ते पुढे नेले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आले. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता. ११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस, आणि २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. मौलाना आझाद शिक्षणमंत्री असतानाच १९५१ मध्ये खरगपूरला देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. त्याच आयआयटींनी घडवलेला टॅबलेट त्यांच्या जन्मदिवशी यावा, ही गोष्ट मला त्यावेळी फार भावली होती. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांतही तो दाखवण्यात आला.

‘आकाश २’ पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता. प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट आणि बोट नुसते टेकवले तरी चालणारा पडदा. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडला आणि विद्यार्थ्यांना साधारण निम्म्या किमतीत द्यायचे ठरले. पण संख्या तीच राहिली, एक लाख. तेही मुख्यतः अभियांत्रिकी आणि इतर महाविद्यालयांत, प्रयोग आणि प्रशिक्षणासाठी गेले. शिंप्याच्या दहावी झालेल्या मुलीसाठी ते कधी नव्हतेच. हे वाक्य कुठल्यातरी बातमीच्या खालच्या परिच्छेदात असेलही. आमच्यापर्यंत ते पोहोचले नाही. ३१ मार्च २०१५ रोजी प्रकल्प बंद झाला. ठरलेले एक लाख टॅबलेट घेतले गेले, उद्दिष्ट पूर्ण झाले, अशी नोंद झाली. कागदावर ते बरोबरच आहे. बाहेर किती लोक वाट पाहत होते, त्याची नोंद ठेवायला मात्र कुठे जागा नव्हती.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या सगळ्याचा काहीच उपयोग झाला नाही, असे नाही. आयआयटी मुंबईने त्या निमित्ताने देशभरातल्या हजारो प्राध्यापकांना प्रशिक्षण दिले. इतक्या कमी पैशांतही टॅबलेट बनू शकतो हे दिसले, आणि त्याच सुमारास बाजारात पाच हजारांच्या आतले टॅबलेट येऊ लागले. स्वप्न खोटे नव्हते. ते किती जणांसाठी आणि कधी, एवढेच कुणी स्पष्ट सांगितले नाही.

शेवटी यंत्र आले, वेगळ्याच वाटेने

फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या ‘फ्रीडम २५१’ या स्मार्टफोनची अशीच धूम उडाली. नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. बहुतेकांना तो फोन कधीच मिळाला नाही. ‘आकाश’मधून आपण काही शिकलो असतो तर २५१ चा आकडा ऐकूनच थांबलो असतो.

मग सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट एकदम स्वस्त झाले, साधे स्मार्टफोनही आवाक्यात आले. ज्या यंत्राची आपण इतकी वर्षे वाट पाहत होतो, ते कुठल्याही घोषणेशिवाय अब्बूंच्या खिशात येऊन बसले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा फोनवर आली, तेव्हा ते सगळ्यांच्या लक्षात आले. त्यावेळी मी घरोघरी फोन करून विचारत होते, वर्गाला कोण आहे, कोण नाही. उत्तर पुष्कळदा एकच असे, "मॅडम, फोन एकच आहे, भाईकडे आहे." यंत्र घरात आले होते, पण मुलीच्या हातात नव्हते. हा प्रश्न कोणतीही सरकारी योजना सोडवू शकत नाही. तो आपल्याच दिवाणखान्यात सुटायचा आहे. एका घरात आईने वेळापत्रक करून भिंतीवर लावले होते. सकाळचा एक तास बहिणीचा, दुपारचा एक तास भावाचा. त्याला एक पैसाही लागला नाही.

पुढचा मेसेज येईल तेव्हा

पुढचा मेसेज येणारच आहे. तो लॅपटॉपचा असेल, टॅबलेटचा असेल, नाहीतर आणखी कसल्या नव्या यंत्राचा. आपल्याला खबर आली की आधी तहकीक करायची तालीम आहे. ती फक्त भांडणतंट्याच्या खबरीसाठी नाही, आनंदाच्या खबरीसाठीही आहे. वाईट बातमीवर आपण पटकन शंका घेतो. चांगल्या बातमीवर शंका घेणे जिवावर येते, आणि फसगत तिथेच होते. मी आता पालकांना चार गोष्टी विचारायला सांगते.

पहिली, देणार कोण आणि कोणत्या मार्गाने? राज्य सरकारची योजना असेल तर शासन निर्णय निघतो आणि तो सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. शाळेतून काही मिळायचे असेल तर शिक्षण विभागाचे पत्र मुख्याध्यापकांकडे येते. म्हणून आधी शाळेत विचारा. दहा जणांना पाठवल्यावर मिळणारी सरकारी वस्तू अजून मी पाहिलेली नाही.

दुसरी, किती आणि कुणासाठी? एक लाख हा आकडा फार मोठा वाटतो, पण देशातल्या विद्यार्थ्यांच्या मानाने तो मूठभर आहे. आपले मूल त्या यादीत बसते का, हे पाहिल्याशिवाय पैसे अडकवू नका.

तिसरी, घरी आल्यावर चालेल का? इंटरनेट कुठून येणार, आपल्या भाषेत वाचता येईल का, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? स्वस्त यंत्राचा खरा खर्च इथे कळतो.

चौथी, तोवर काय? ही सर्वांत महत्त्वाची. ज्या कामासाठी यंत्र हवे आहे, ते काम आज हाताशी असलेल्या साधनाने सुरू होऊ शकते का? क्लास असेल, शाळेतली कंप्युटरची खोली असेल, शेजाऱ्यांचा जुना संगणक असेल, घरातला फोन असेल. यंत्र उशिरा आले तर चालते, मुलाचे वर्ष परत येत नाही.

आणि लिंकवर आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील भरू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. चुकून भरला आणि पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितका लवकर फोन कराल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

त्या मुलीने पुढे दोन वर्षांनी, बारावीनंतर, स्वतः शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि एमएस-सीआयटी केली. आज ती एका दवाखान्यात नोंदणीचे काम कंप्युटरवर करते. मागच्या आठवड्यातला तिसरा फोन तिचाच होता. तिची मुलगी पहिलीत आहे.

"मॅडम, लॅपटॉपचा मेसेज आलाय. नाव भरू का?"

तिच्या घराला मी एकदा घाईने सल्ला दिला होता. या वेळी म्हणाले, "आत्ता काही भरू नकोस. मी विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारले. शाळेत असे कोणतेही पत्र आलेले नव्हते. केंद्रात चौकशी केली, तिथेही काही नव्हते. संध्याकाळी मी तिला फोन करून सांगितले, "खोटं आहे. ज्यांनी पाठवलं त्यांनाही कळव."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. मग थोडे थांबून हसत म्हणाली, "अब्बूंना पण आलाय तो. ते आत्ताच फॉर्मचे पैसे कुठे भरायचे विचारत होते."